भागाबाईच्या हातचा लेप

भागाबाईचे हात पाहून नवा माणूस दचकायचाच. मनगटापर्यंत निळसर काळे, नखांच्या कडा लाल, आणि तळव्याच्या रेषांत पिवळं काहीतरी कायमचं बसलेलं. वीस वर्षं रंगाच्या रांजणात बुडवलेले हात ते, साबणानं काय निघणार! बुऱ्हाणपुरात तेव्हा घरोघर माग चालायचे. मागाला सूत लागायचं, सुताला रंग लागायचा, आणि तो रंग देणाऱ्या चार-सहा घरांपैकी एक घर भागाबाईच्या सासरचं होतं. माहेर फोपनारचं, केळीच्या बागांतलं. तिला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं ते सासूनं, सरुबाईनं.

सरुबाई म्हणजे मोठी खट बाई. सुनेला पहिल्या दिवशी रांजणापाशी नेऊन तिनं एकच गोष्ट बजावली होती. रांजणात काय पडलं, किती पडलं, कधी पडलं, हे रंगाऱ्यानं तोंडानं बोलायचं नाही. बोललं की रंग उतरतो. कोणी विचारलंच तर म्हणायचं, "हात आहे माझा." बस्स. गिऱ्हाईक विचारो, शेजारीण विचारो, देव येऊन विचारो, उत्तर तेच. त्या घराण्यात सगळेच असं बोलायचे, आणि खरं सांगायचं तर त्यात देवाधर्मापेक्षा धंद्याची राखणच जास्त होती. पण भागाबाईच्या मनात ते देवासारखंच बसलं. जुने रंग गेले, पुडीचे रंग आले, तेव्हा त्या पुड्यांच्या रंगाला धरवायला सरुबाईनं एक नवी युक्ती काढली. उकळत्या रंगात मूठभर जाडं मीठ. मीठ पडलं की रंग सुताला घट्ट धरतो, धुतला तरी सुटत नाही. ही मूठ भागाबाईनं हजारदा टाकली, आणि एकदाही तोंडानं बोलली नाही.

मग काय, गिरणीतूनच रंगीत सूत यायला लागलं. सासू गेली. नवरा चुडामण छातीच्या दुखण्यानं गेला. मागं राहिली भागाबाई, नऊ वर्षांची लेक कोकिळा, आणि अंगणात पालथे घातलेले दोन रांजण. रंग नसला की रंगाऱ्याच्या बाईला कोण विचारतंय? ती मजुरीला लागली.

सन पन्नासचा उन्हाळा. इतवारा मोहल्ल्यामागं मुलींच्या शाळेची नवी इमारत उठत होती. मधे मोठा हॉल, पुढं लांबलचक व्हरांडा, आणि वर कौलं नाहीत, पत्रे नाहीत, सिमेंटचा स्लॅब! लोक मुद्दाम बघायला यायचे. कामावर ओव्हरसियर होता सुधाकर. गावातल्याच एका मास्तरांचा मुलगा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, चष्मेवाला, आणि कामाच्या बाबतीत इतका किरकिऱ्या की मुकादम निंबा त्याच्या पाठीमागं त्याला "सासूबाई" म्हणायचा. रेती दोनदा चाळा. पाणी पिऊन बघा, गोडं आहे ना. सिमेंटची गोणी फोडली की तिच्यात हात घालून बघा, खडा झालाय का. एक गोणी इकडची तिकडं होऊ द्यायचा नाही. ठेकेदार त्याला मनातून शिव्या घालायचा, आणि घालणारच की!

सुधाकरची मुख्य डोकेदुखी होती लोखंडाच्या सळ्यांची. त्या काळी लोखंड परवान्यावर मिळायचं. सळ्या आल्या एका सालात, बांधकामाची मंजुरी आली दुसऱ्या सालात, आणि मधला सगळा पावसाळा त्या लालबाग स्टेशनापाशी उघड्यावर पडून होत्या. लालभडक गंज चढलेला. नवीन मागवाव्यात तर आणखी दोन वर्षं. मग त्यानं ठरवलं, प्रत्येक सळई तारेच्या ब्रशनं घासून उजळ करायची, आणि तिला सिमेंटच्या घोळाचा हात द्यायचा. तो लेप बसला की सळई स्लॅबमध्ये जाईपर्यंत पुन्हा गंजत नाही.

"आणि स्लॅबमध्ये गेल्यावर?" एका मजुरानं विचारलं.

"गेल्यावर सिमेंटच तिला सांभाळतं," सुधाकर म्हणाला. "पण आत जाताना ती निरोगी पाहिजे. आत गंज धरला तर सळई फुगते, आणि फुगली की वरचं सिमेंट फोडून बाहेर येते. मग इमारतीला औषध नाही."

हे सगळं भागाबाई गिट्टीचं घमेलं डोक्यावर घेऊन ऐकत होती. दुपारी तिनं कुंचा हातात घेतला आणि न विचारता एक सळई लेपून दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा हात, कुठं जाड नाही, कुठं उघडं नाही. सुधाकर बघतच राहिला. "अहो, ही तर कारागीर आहे! निंबा, यांना गिट्टीवरून काढा. सळ्या आता भागाबाईंकडं." त्या दिवसापासून ती ओव्हरसियरच्या तोंडी "भागाबाई" झाली, "तुम्ही" झाली. नवरा गेल्यापासून तिला कोणी अहोजाहो केलं नव्हतं. ती घरी जाऊन कोकिळेला म्हणाली, "सायेब मले कारागीर म्हने वो!" आणि पदरात तोंड खुपसून रडली.

हॉलच्या सळ्या चैत्रात झाल्या, सुरेख झाल्या. व्हरांड्याच्या सळ्यांना मे उजाडला. आता बुऱ्हाणपूरचा मे म्हणजे काय हे तापीकाठच्या माणसाला सांगायला नको. घोळ लावला की हात काढेपर्यंत वाळायचा, आणि दुपारून बोट लावलं तर भुकटी होऊन गळायचा. सकाळी लेपलेल्या सळ्या संध्याकाळी उघड्याबोडक्या. सुधाकरनं ओली पोती टाकून पाहिली, तीही तासाभरात कडक. तो चिडला, तिच्यावर नाही, उन्हावर. पण भागाबाईच्या जिव्हारी लागलं. "हात उतरला म्हणतील," एवढंच तिच्या डोक्यात. रंग धरत नाही, तेव्हा काय करायचं, हे तर तिला सासूनं कधीच शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पदराच्या गाठीत घरचं जाडं मीठ बांधून आली, आणि घोळाच्या घमेल्यात मूठभर टाकलं.

लेप धरला! भुकटी झाली नाही, पोपडे निघाले नाहीत. मिठानं ओल धरून ठेवली म्हणा की आणखी काही, पण संध्याकाळी नखानं खरवडलं तरी निघेना. सुधाकर सळी-सळीवर बोट फिरवत गेला आणि लहान पोरासारखा खूश झाला. "भागाबाई, काल गळत होतं, आज असं दगडासारखं? काय केलंत तरी काय?"

भागाबाईनं मान खाली घातली. ओठ दाबून हसली. "हात आहे माझा, सायेब."

तोही हसला. आणि विषय तिथंच संपला. अहो, विचारायचं ना पुन्हा! रेती चाळणारा, पाणी चाखणारा माणूस तो, गोणीत हात घालून बघणारा. पण एका बाईच्या हातावर त्यानं विश्वास टाकला, आणि तेवढीच एक गोष्ट तपासायची राहिली. बावीस दिवस भागाबाई रोज गाठीत मीठ नेत राहिली, स्वतःच्या भाकरीतलं कमी करून. व्हरांड्याची एकूण एक सळई तिनं लेपली.

इमारत झाली. सुधाकरनं खटपट करून भागाबाईला शाळेतच पाणी भरायला आणि झाडलोटीला लावलं. मोठ्या बाई होत्या शारदाबाई, करड्या पण मायाळू. त्यांनी कोकिळेचं नावही दाखल करून घेतलं. रंगाऱ्याची पोर पाटीवर अक्षरं काढायला लागली, कविता म्हणायला लागली. "मी बाई होईन, शिकवीन," म्हणायला लागली. भागाबाई व्हरांडा झाडायची तेव्हा मधूनच वर बघायची. या आढ्यात आपला हात आहे, हे तिला कोणाला सांगायची गरज वाटायची नाही. ती सुखात होती. तिच्या आयुष्यातली सुखाची वर्षं विचाराल तर ती पाचच, आणि ती याच व्हरांड्याखाली गेली.

पंचावन्नच्या जूनमध्ये शाळा उघडली आणि व्हरांड्याच्या आढ्याला तपकिरी ओघळ दिसले. आठवड्यात एक बारीक चीर गेली, सळई होती त्या रेघेत सरळ. आणि एका सकाळी प्रार्थना चालू असताना ताटाएवढा तुकडा सुटून तिसरीच्या मुलींमध्ये पडला. एकीची पाटी फुटली, एकीच्या पावलावर दोन टाके पडले. वर पाहिलं तर सळई उघडी, लाल, पापुद्रे सुटलेली.

सुधाकर धावत आला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. शिडी लावून वर चढला, सळई खरवडली, हॉलमध्ये जाऊन तिथं ठोकून पाहिलं. हॉल ठणठणीत, व्हरांडा सडलेला. एकच सिमेंट, एकच रेती, एकच विहीर. शेवटी दमून पायरीवर बसला. भागाबाईनं माठातलं पाणी तांब्यात घेऊन पुढं केलं.

"मुंबईकडं समुद्रकाठी होतं म्हणतात असं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "खारा वारा लागतो, मीठ आत शिरतं, आणि सळ्या आतून खाल्ल्या जातात. पण इथं तापीकाठी मीठ येणार कुठून, भागाबाई?"

तांब्या तिच्या हातातच राहिला. त्यानं हात पुढं केला होता, आणि तिला तो द्यायचं सुचेना. मग तिनं दिला. तो प्याला. ती म्हणाली, "आनखी देऊ?"

एवढंच म्हणाली. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? तेव्हा राजधानी नागपूर, तिथले मोठे इंजिनियर सुधाकरला ओळखत होते. सळईवरचा पापुद्रा तपासायला पाठवला असता, मीठ सापडलं असतं, अडाणी बाईची चूक म्हणून मामला मिटला असता. सुधाकरला फार तर ताकीद मिळाली असती. हे सगळं नंतरचं शहाणपण. त्या क्षणी भागाबाईला दिसली ती टाके पडलेली पोर, दिसले पोलीस, दिसली शाळेबाहेर उभी केलेली कोकिळा. आणि रांजणापाशी उभी असलेली सासू. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते त्या पायरीवर कसं निघावं? "उद्या सांगू," असं तिनं मनाशी म्हटलं.

तो उद्या उगवलाच नाही. महिन्याभरात खात्यानं ठरवून टाकलं की ओव्हरसियरनं व्हरांड्याच्या सिमेंटच्या गोण्या विकल्या. सरळ हिशोब! हॉल चांगला, व्हरांडा वाईट, म्हणजे हॉलमध्ये माल घातला आणि व्हरांड्यात खाल्ला. ठेकेदारानं जुनं उट्टं काढलं, तोही तसंच बोलला. सुधाकर निलंबित झाला. ज्या गावात तो मान वर करून फिरायचा त्याच गावात लोक आता त्याला पाहून खोकायला लागले. त्याची बायको शोभा लहान पोरीला घेऊन हळदीकुंकवाला जायची, ती जायची बंद झाली.

आणि तो काय करायचा? तो शाळेत यायचा. दर दोन-चार दिवसांनी, सुट्टी झाल्यावर. आढ्याकडं बघत राहायचा. कधी रेतीचा नमुना, कधी विहिरीच्या पाण्याची बाटली, कधी गिट्टीचे तुकडे. चिंध्यांत बांधून कुठंकुठं पाठवायचा आणि उत्तर यायचं, दोष नाही. "सळ्या तर तुम्ही माझ्यासमोर लेपल्यात," तो भागाबाईला म्हणायचा. "असा लेप मी जन्मात पाहिला नाही. तिथं खोट नाही, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगेन." हे ऐकलं की ती माठाकडं वळायची. आणि ती त्याला पाणी द्यायची. दर वेळी द्यायची. तो घटाघटा प्यायचा, तांब्या परत करायचा, "येतो भागाबाई" म्हणायचा.

एकदा तिनं कोकिळेला सांगितलं. चुलीपुढं बसून, खालमानेनं. पंधरा वर्षांची पोर, सातवी पास झालेली, शारदाबाईंनी तिला शिक्षिकेच्या वर्गाला पाठवायचं कबूल केलेलं. ती पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "आई, तू बोलू नको. आता बोलली तर विचारतील, येवढे दिवस काहून चूप होती?" हे मात्र खरं होतं. पहिल्या दिवशी लपवली ती चूक होती, आता लपवत होती तो गुन्हा झाला होता, आणि दर दिवशी तो एका दिवसानं मोठा होत होता. माय-लेकी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

वर्ष उलटलं. छपन्न साल आलं आणि सगळीकडं एकच चर्चा, राज्यं मोडणार, नवी राज्यं जुळणार. कोणी म्हणे बुऱ्हाणपूर मुंबई राज्यात जाणार, कोणी म्हणे इथंच राहणार, फक्त राजधानी नागपूरची उठून भोपाळला जाणार. दुसरं म्हणणंच खरं ठरलं. कचेऱ्यांमध्ये गठ्ठे बांधायला सुरुवात झाली. नागपूरचे ओळखीचे साहेब मुंबई राज्याकडं गेले. जुन्या चौकशा नवं राज्य होण्याच्या आत निकालात काढा, असा हुकूम सुटला. व्हरांडाही त्याच घाईत दुरुस्त झाला. दुरुस्ती कसली! उघड्या सळ्या आहेत तशा ठेवून वर डांबराचा काळा हात मारला, त्यावर गिलावा ओढला, आणि कागदावर लिहिलं, दोष दूर केला.

ऑक्टोबरमध्ये सुधाकर पुन्हा शाळेत आला. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण तुटलेलं. आढ्याकडं न बघताच पायरीवर बसला.

"परवा चौकशीची शेवटची तारीख आहे," तो म्हणाला. "मी लिहून देणार आहे, कबूल म्हणून."

"काय कबूल?" भागाबाईनं विचारलं.

"की झालं असेल माझ्या हातून काही. सोळा महिने विचार करून करून मला आता आठवतच नाही, भागाबाई. वाटतं, गोण्या मोजताना मीच चुकलो असेन. कोण जाणे, मीच कोणाला नेऊ दिल्या असतील. सगळा गाव म्हणतो, म्हणजे असेलच ना काही?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं. नोकरी गेली, मान गेला, हे तर भागाबाईला माहीत होतं. पण स्वच्छ माणूस स्वतःलाच चोर समजायला लागला, हे तिला बघवेना. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "लिहू नका," ती म्हणाली. "परवा मी येते. काही लिहू नका, तुमाले तुमच्या पोरीची शपथ." तो समजला नाही. तिच्या तोंडून त्या दिवशीही पुढचं निघालं नाहीच.

पण तारखेला ती कचेरीत गेली. कोकिळेनं दारात हात धरला, तो सोडवून गेली. चौकशीचे साहेब खंडव्याहून आलेले, हिंदी बोलणारे, थकलेले. टेबलावर पंचवीस-तीस फायली, बाजूच्या खुर्चीत सुधाकर, बाहेर टांगा थांबलेला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. भागाबाई त्यांच्यापुढं उभी राहिली, निळे हात समोर धरले आणि जे तीस वर्षांत घराबाहेर कोणापुढं बोलली नव्हती ते बोलली.

"सायेब, मी मीठ टाकलं. घमेल्याले एक मूठ. रंग धरत नाही तर आम्ही मीठ टाकतो, तसं टाकलं. या आमच्या सायबाले माहीत नव्हतं. यायनं विचारलं तं मी सांगलं नाही. सगळ्या सळ्यायले टाकलं. बावीस दिस."

कारकुनानं हिंदीत समजावून सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "नमक? सीमेंट में?"

सुधाकर खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याच्या तोंडावर काय होतं हे सांगणं कठीण आहे. सोळा महिन्यांचं कुलूप एका शब्दानं उघडलं, आणि ते उघडणारी किल्ली रोज त्याच्यासमोर तांब्या घेऊन उभी होती. "साहेब, ह्या खरं बोलताहेत," तो म्हणाला. "यही कारण है. आता माझ्या लक्षात येतंय सगळं. गिलावा फोडून बघा. एक सळई खरवडा, जिभेला लावून बघा, खारट लागेल. एक तुकडा तपासायला पाठवा, साहेब, एकच तुकडा!"

"सरकारी इमारत है, बताशा नहीं कि चखकर देखें," साहेब म्हणाले. "मरम्मत हो चुकी. बिल पास हो चुका." मग फाइल चाळून त्यांनी भागाबाईला विचारलं, "शाळेत तुम्हाला कोणी लावलं?" कारकुनानं तेही मराठीत सांगितलं.

आता इथं खोटं बोलली असती तर चाललं असतं की! पण खरं बोलायची सवय तिला त्याच दिवशी लागली होती. "यायनंच लावलं," ती म्हणाली. "लई उपकार आहेत मायावर."

साहेब हसले. दुष्टपणानं नाही, सगळं कळल्यासारखे हसले. आणि कारकुनाला सांगितलं ते त्यानं लिहून घेतलं, की मजूर स्त्रीचं म्हणणं विश्वास ठेवण्याजोगं नाही, ती आरोपीच्या उपकाराखाली आहे. तिचा अंगठा घेतला. फाइल बांधली. संपलं. पाच मिनिटं लागली असतील.

बाहेर पायऱ्यांवर ती सुधाकरच्या पाया पडायला वाकली, तेव्हा तो मागं सरला. मग म्हणाला, "मीठ घालू नका, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. कोणाच्या मनात येईल हो! ती चूक माझी." त्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. "पण सोळा महिने, भागाबाई? मी तुमच्या हातचं पाणी प्यालो सोळा महिने."

तो पायऱ्या उतरून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढं आयुष्यभर म्हणायची.

नोव्हेंबरात नवं राज्य झालं. शाळेवर नवी पाटी आली. भोपाळहून एकाच टपालात दोन कागद आले. एकात, शाळेच्या माहितीसाठी, सुधाकरची बडतर्फी होती. दुसऱ्यात नव्या राज्यात सामील झालेल्या शाळांच्या हंगामी शिपायांना कायम केल्याचा हुकूम होता, आणि त्यात भागाबाईचं नाव होतं. शारदाबाईंनी दोन्ही वाचून दाखवले. "बरं झालं बाई तुझं," त्या म्हणाल्या, आणि शाईची डबी पुढं केली. भागाबाई अंगठा उठवेना. "मले नको," म्हणाली. शारदाबाईंनी शेवटी स्वतः तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. घरात शिकणारी पोर होती, नको म्हणून कसं चालेल?

सुधाकर बायको-पोरीला घेऊन गाव सोडून गेला. कोणी म्हणे भुसावळकडं एका कापसाच्या जिनात मुनीम आहे. कोकिळा शिक्षिका झाली, लग्न होऊन तुकईथडला गेली, आणि आईकडं यायची ती व्हरांड्यात पाय न ठेवता मागच्या दारानं.

भागाबाई शाळेतच राहिली. दोन वर्षांत काळ्या डांबरावरचा गिलावा फुगला आणि पुन्हा तांबडे पापुद्रे गळायला लागले. पुन्हा डांबर, पुन्हा गिलावा. दर जूनमध्ये नव्या मुली यायच्या आणि व्हरांड्यात ऐसपैस बसायच्या. मग भागाबाई झाडू टाकून यायची, सतरंजी भिंतीपर्यंत ओढत न्यायची.

"मधी नका बसू पोरींनो. इकडं सरका."

"का हो मावशी?"

"वरच्या सळ्यायले मीठ आहे. मी टाकलं. घमेल्याले एक मूठ."

मुली एकमेकींकडं बघायच्या आणि खुसूखुसू हसायच्या. मोठ्या मुलींनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं, म्हातारी वेडी आहे, काही विचारलं की मीठ मीठ करते. नव्या बाई आल्या, नवे इंजिनियर आले, त्यांनाही ती निळे हात पुढं करून सांगायची. सगळे मान डोलवायचे. ज्या बाईनं एकदा तोंड उघडायला सोळा महिने लावले, ती नंतर पंधरा वर्षं तीच गोष्ट ज्याला-त्याला सांगत राहिली, आणि खरं मानणारा एकच माणूस होता, तो गावात नव्हता.